ऊरदालचा सूर

गुनवाल्ड ऊरदालला गाता येत नाही, ही गोष्ट खाडीच्या दोन्ही काठांवर सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या गुनवाल्डला.

आता यात त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो तो आतून, हाडामांसातून गाळून. आणि स्वतःच्या गाळणीतून आलेलं काहीही गोडच लागतं. शिवाय गुनवाल्ड गायचा तो अगदी जीव ओतून. रविवारी चर्चमध्ये गीत सुरू झालं की तो डोळे मिटायचा, छाती भरून घ्यायचा आणि देव जणू पलीकडच्या डोंगरावर मेंढ्या वळायला गेलाय अशा ताकदीने हाक द्यायचा. सूर दुसऱ्या ओळीपासून घसरायला लागायचा, पण भक्ती कधी घसरली नाही. देवाच्या दरबारात यातलं काय आधी मोजतात ते आपण गेल्यावर कळेल. चर्चच्या गायकवृंदात खर्ज लावणाऱ्यांच्या रांगेत गुनवाल्डची जागा ठरलेली होती, आणि जुना ऑर्गनवादक दोन्ही कानांनी ठार बहिरा असल्यामुळे सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

पुढे तो बहिरा सज्जन देवाघरी गेला आणि त्याच्या जागी एडेल तांगेन आली. वय कोवळं, शिक्षण बर्गेन शहरातलं आणि कान सशाचे. पहिल्याच सरावाला तिने तीन वेळा गाणं थांबवलं, तीन वेळा खर्जाच्या रांगेकडे पाहिलं, आणि संपल्यावर गुनवाल्डला बाजूला घेऊन अतिशय गोड आवाजात विचारलं, "गुनवाल्ड, तुम्ही माझी पानं उलटाल का? ऑर्गनवरची?"

"उलटीन की! त्यात काय? गाता गाता उलटीन."

"नाही, म्हणजे... गाता गाता नको."

तिचा अर्थ गुनवाल्डच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आला तेव्हा त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो आयुष्यभर टपाल कचेरीत शिक्के मारून नुकताच निवृत्त झाला होता. अपमान सहन करायची त्याला सवय होती, पण ती खिडकीच्या आतल्या बाजूने. इथे मात्र तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, या चर्चमध्ये ऑर्गन आला त्याच्या कितीतरी आधी माझा खापरपणजोबा इथे अग्रगायक होता! तोरशेल ऊरदाल! वेदीच्या पायरीवर उभा राहून तो एकटा पहिलं कडवं म्हणायचा आणि सगळी मंडळी त्याच्या मागून जायची. ते रक्त आहे माझ्यात. आणि तू मला पानं उलटायला सांगतेस?"

एडेल भली मुलगी होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी बघून तिलाच कसंतरी झालं. तोरशेल अग्रगायकाचं नाव तिनेही ऐकलं होतं. त्या खोऱ्यात ते कुणी ऐकलं नव्हतं? सुटका करून घ्यायची म्हणून ती बोलून गेली, "बरं, मग असं करू. तुम्ही तोरशेलचे वंशज आहात हे सरकारी शिक्क्यानिशी दाखवा. ज्या दिवशी दाखवाल त्यानंतरच्या रविवारी त्याच पायरीवर उभं राहून पहिलं कडवं तुम्ही एकट्याने म्हणायचं. ऑर्गनशिवाय. आणि पुढे जन्मभर मी तुम्हाला अडवणार नाही. पण नाही दाखवता आलं, तर पानं."

"मान्य!" गुनवाल्ड म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा चर्चचं दार आपटून बाहेर पडला. मग परत येऊन ते नीट लावलं. दार जुनं होतं.

घरी त्याची बायको मॅग्नहिल्ड बटाटे सोलत होती. सोलता सोलता काहीतरी गुणगुणत होती. तिने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "पण तोरशेल आपला, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्याचं नाव ऊरदाल, माझं नाव ऊरदाल. तो याच शेतावर राहायचा, मी याच शेतावर राहतो. मी तोरशेलचा नाही तर काय मेंढ्यांचा?"

मॅग्नहिल्डने तोंड उघडलं, मिटलं, आणि दुसरा बटाटा घेतला.

चर्चच्या जुन्या नोंदी फिल्मच्या रिळांवर उतरवलेल्या असतात आणि ती रिळं तालुक्याच्या वाचनालयात मागवता येतात, ही माहिती त्याला शेजारच्या ओडवारने दिली. ओडवार जुना बोटीवरचा कप्तान. त्याने आपलं घराणं शोधत शोधत थेट एका राजापर्यंत नेऊन भिडवलं होतं आणि तेव्हापासून तो कचऱ्याची बादलीसुद्धा राजदंडासारखी धरायचा.

"एक लक्षात ठेव," ओडवार कुंपणावर रेलून म्हणाला, "राजा लागला की थांबायचं. त्याच्या मागे गेलास की पुन्हा शेतकरीच लागतात."

"मला राजा नकोय. मला अग्रगायक हवाय."

"मग तू स्वतःपासून सुरुवात कर आणि एक एक पायरी मागे जा. बाप, आजा, पणजा. मध्ये उडी मारू नकोस. जिन्यावर आणि वंशावळीत माणूस पडतो तो उडी मारतानाच."

सल्ला सोन्यासारखा होता. पण शेजाऱ्याचा सल्ला ऐकायचा तर शेजारी कशाला हवेत? गुनवाल्डने ठरवलं, आपण थेट तोरशेलपासून सुरुवात करायची. पाहुण्याला घरी आणायचं तर आधी स्टेशनवर जाऊन त्याला गाठावं लागतं, असा त्याचा हिशोब.

वाचनालयातलं ते यंत्र म्हणजे एक प्रकरणच होतं. डोकं काळ्या खोक्यात घालायचं, हाताने दांडा फिरवायचा, आणि समोरून पाद्र्यांचं अक्षर पळत सुटायचं. जुन्या काळच्या त्या वळणात प्रत्येक अक्षर म्हणजे वाकडं कुंपण आणि ओळ म्हणजे वाऱ्यात पडलेली कुंपणांची रांग. सगळा जन्म समुद्राकाठी काढलेल्या गुनवाल्डला त्या यंत्रापुढे बोट लागली. ग्रंथपाल बाईंनी पहिल्या दिवशी त्याला पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी बादली.

त्यात पहिलं रीळ आलं ते भलत्याच गावचं. हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत तो त्या गावात चांगला रुळला होता. तिथे एक गरीब शेतकरी होता. त्याची लेकरं एकामागून एक देवीच्या साथीत गेली, आणि प्रत्येक वेळी पाद्र्याने तेवढंच एक ओळीचं टिपण केलं होतं. गुनवाल्ड खोक्यात डोकं घालून ढसाढसा रडला. घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पुढचं पान काढलं तर त्याच घरात जुळी जन्मलेली! गुनवाल्ड इतका हरखला की वाटेत वेलदोड्याचे बन घेऊन आला आणि मॅग्नहिल्डला म्हणाला, "घे, जुळी झाली!"

"कुणाला?"

ते सांगता सांगता त्याला कळलं, की या मंडळींचं आणि आपलं नातं काडीचं नाही. तरी बन दोघांनी खाल्ले. जन्म कुणाच्याही घरचा असो, गोड तोंड करायला हरकत नसते.

पण हरदासाची कथा मूळपदावर आणायला हवी. योग्य रीळ आलं आणि एका सकाळी, ग्रंथपाल बाई झाडांना पाणी घालत असताना, खोक्यातून आरोळी उठली. धर्मदीक्षा घेतलेल्या मुलांच्या यादीत स्वच्छ लिहिलं होतं: तोरशेल ऊरदाल. ज्ञान उत्तम. वर्तन उत्तम. गळा देवाची देणगी.

"गळा देवाची देणगी!" गुनवाल्डने ती ओळ तिथल्या तिथे चालीवर म्हणून दाखवली. एका वाचकाने पुस्तक मिटलं आणि तो घरी गेला.

झालं. आता राहिलं काय? घरच्या बायबलात आतल्या पानावर लिहिलेलंच होतं, की पणजोबा योहानेस यांचा जन्म ऊरदाल शेतावरचा. वर तोरशेल ऊरदाल, खाली योहानेस ऊरदाल. गुनवाल्डने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठा कागद पसरला, पट्टी ठेवली आणि वरच्या नावापासून खालच्या नावापर्यंत एक सुंदर सरळ रेघ मारली.

मॅग्नहिल्ड चष्मा लावून बघत राहिली. "आणि या रेघेत काय आहे?"

"रक्त."

"पेन्सिल दिसतेय," ती म्हणाली.

सरकारी शिक्का हवा म्हणून त्याने बर्गेनच्या दफ्तरखान्याला अर्ज केला, पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, आणि वाट बघत बसला. नुसतं बसला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच्या मनात आलं, एवढं आपण पायरीवर उभं राहून एकट्याने गाणार, तर ऐकायला आपली माणसं नकोत? आणि आपली माणसं म्हणजे कोण? तोरशेलची लेकरं. आणि ती कुठे आहेत? टेलिफोनच्या जाड पुस्तकात, सगळी एका ओळीत, ऊरदाल, ऊरदाल, ऊरदाल. आपल्या ऊरदालखेरीज दुसरं ऊरदाल देशात नाही, हे तो टपालखात्यातच शिकला होता.

त्याने सगळ्यांना पत्रं टाकली. कुलसंमेलन! उन्हाळ्यातल्या अमुक रविवारी आपला थोर पूर्वज तोरशेल अग्रगायक याच्या चर्चमध्ये जमायचं, त्याचं गीत गायचं, मग सभागृहात आंबट सायीची लापशी. सभागृह मागायला गेला तर तिथल्या बाई म्हणाल्या, की सभागृह व्यक्तीला मिळत नाही, संस्थेला मिळतं. मग संस्था काढावी लागली. संस्थेला घटना लागते, अध्यक्ष लागतो, खजिनदार लागतो आणि सर्वसाधारण सभा लागते. ती सभा ऊरदालच्या स्वयंपाकघरात भरली. अध्यक्षपदी गुनवाल्ड एकमताने निवडून आला, म्हणजे त्याचं एक मत. मॅग्नहिल्ड तटस्थ राहिली, कारण तिच्या हातात तवा होता. लापशीचा ठराव मात्र तिने उचलून धरला.

लोक येणार नाहीत असं ओडवार म्हणाला होता. लोक येणार असं कळवू लागले तेव्हा ओडवार म्हणाला, "मी म्हटलंच होतं." बर्गेनहून येणार होते, उत्तरेकडून येणार होते, आणि अमेरिकेतल्या मिनेसोटाहून तर क्लॅरिस नावाच्या एका आजीबाई सगळा गोतावळा घेऊन निघाल्या होत्या. आपण तोरशेलच्या कुळातले, हे त्यांच्याकडेही आजीच्या वेळेपासून सांगत आले होते. त्यांनी सगळ्यांसाठी निळ्या टोप्या शिवून घेतल्या होत्या, वर पिवळ्या अक्षरांत: तोरशेलची लेकरं. एक टोपी पुढे नमुन्याला पाठवली. गुनवाल्ड ती घालून मेंढ्यांना चारा घालू लागला.

आणि मग दफ्तरखान्याचा दाखला आला.

त्यात पणजोबा योहानेस होते, ऊरदाल शेत होतं, तारीख होती, शिक्का होता. फक्त बापाच्या रकान्यात तोरशेल नव्हता. तिथे लिहिलं होतं: ओस्मुन ऊरदाल.

गुनवाल्डने टोपी काढली, परत घातली, आणि दाखला उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "कारकुनाची चूक." स्वतः सरकारी नोकरीत जन्म काढल्यामुळे ही शक्यता त्याला सगळ्यात आधी सुचली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने तो बर्गेनला जाऊन थडकला.

दफ्तरखान्यातल्या बाईंनी मूळ पान काढून दिलं. शांत बाई होत्या. आपल्याच पूर्वजांवर संतापलेली माणसं त्या रोज बघत असाव्यात.

"हा ओस्मुन कोण?" गुनवाल्डने विचारलं. "आणि तोरशेल कुठे गेला?"

"तोरशेल इथेच आहे की. खाली बघा, मुलाच्या धर्मपित्यांत. तोरशेल हेल्ले."

"मी तोरशेल ऊरदालबद्दल विचारतोय!"

"तोच तो. त्याने खाडीपलीकडच्या हेल्ले शेतावरच्या विधवेशी लग्न केलं आणि तिकडे राहायला गेला. तो झाला तोरशेल हेल्ले. ऊरदाल त्याने विकलं, ते डोंगरापलीकडून आलेल्या ओस्मुनने घेतलं. तो झाला ओस्मुन ऊरदाल." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही खोऱ्यातलेच ना? मग तुम्हाला मी काय सांगायचं? तेव्हा आडनाव माणसाचं नव्हतंच. शेताचं होतं. जो राहायला येईल त्याने चूल पेटवायची आणि नाव लावायचं. जाणाऱ्याने दोन्ही मागे ठेवायचं."

गुनवाल्ड मटकन खाली बसला. हे त्याला ठाऊक नव्हतं? पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट! टपाल कचेरीच्या खिडकीत त्यानेच कितीतरी अमेरिकन पाहुण्यांना हे हसून समजावलं होतं: "अहो, नावावर जाऊ नका, नाव जमिनीचं, रक्त कुणाचंही." पण दुसऱ्याच्या घराला लागू पडणारा नियम माणूस आपल्या दाराशी आल्यावर चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

परतीच्या बोटीवर त्याने कॉफी घेतली नाही. यावरून काय ते समजा.

घरी येऊन त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. "संपलं. मी ओस्मुनचा. नुसत्या ओस्मुनचा. गळा देवाची देणगी वगैरे सगळं गेलं हेल्लेला..." आणि तो मध्येच थांबला. बायकोकडे बघत राहिला. "मॅग्नहिल्ड, तू हेल्लेची."

"हो."

"म्हणजे तोरशेल..."

"माझा खापरपणजोबा," मॅग्नहिल्ड म्हणाली आणि त्याच्यासमोर कॉफीचा कप ठेवला.

"तुला ठाऊक होतं?"

"आमच्या हेल्लेत सगळ्यांनाच ठाऊक आहे. माझी आजी सांगायची, तोरशेल ऊरदाल सोडून निघाला तेव्हा ओस्मुनला म्हणाला, 'घर तुझं, गोठा तुझा, नाव तुझं. गळा तेवढा मी घेऊन जातो.' आणि ओस्मुन म्हणाला, 'न्या की, माझा मी आणलाय.' पुढच्या रविवारी तो गायला तेव्हा लोकांना कळलं, त्याने काय आणलंय ते." ती खुर्ची ओढून बसली. "अजूनही आमच्याकडे दाराची बिजागरी कुरकुरली की म्हणतात, ऊरदालवाले आले, दार उघडा."

गुनवाल्डचं तोंड बघण्यासारखं झालं. बराच वेळ तो चमचा फिरवत राहिला. कपात साखर नव्हती.

"मग माझं गाणं... इतकी वर्षं... तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मी लग्न केलं ते उघड्या कानांनी केलं. आमच्या घरी सगळे सुरात गायचे रे, पण गाताना एकमेकांकडे बघायचे, कोण चुकतंय म्हणून. तू गाताना कुणाकडेच बघत नव्हतास. डोळे मिटून तोंड वर करायचास. मला वाटलं, याच्या घरी जावं."

"आणि तू का नाही गायलीस कधी चर्चमध्ये?"

"तुझ्याशेजारी?" मॅग्नहिल्डला हसू आवरेना. "अरे, तुझ्याशेजारी बसून कुणाला सूर सापडलाय?"

हे असं हसता हसता झालं खरं, पण प्रश्न तसाच उभा होता. पाहुणे निघाले होते. शनिवारी बोटीतून निळ्या टोप्यांचा लोंढा उतरला. त्यांच्या पुढे काठी टेकत क्लॅरिसआजी. त्यांची भाषा त्यांच्या आजीकडून आलेली, शंभर वर्षांपूर्वीची, त्यामुळे त्या बोलल्या की गीतांचं जुनं पुस्तक उघडल्यासारखं वाटायचं. "हे बंधो," त्या गुनवाल्डचा हात धरून म्हणाल्या, "आमुच्या तोरशेलची पायरी पाहावयास आम्ही सागर लंघून आलो."

गुनवाल्डने खिशातला दाखला चाचपला. तो तडक एडेलकडे गेला आणि दाखला तिच्यापुढे ठेवला. "मी हरलो. पानं उलटीन. आजन्म."

एडेलने दाखला वाचला. खरं तर तिने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण तिचाही चेहरा पडला. "गुनवाल्ड, उद्या कुणाला काही सांगू नका. ती म्हातारी किती लांबून आलीय. एक दिवस तोरशेलचे व्हा आणि गा. मी... मी ऐकून घेईन."

बोलणं दयेचं होतं आणि मोह मोठा होता. पायरी, सगळं कूळ समोर, आणि एकट्याचा आवाज! गुनवाल्ड दारापर्यंत गेला, तिथे थबकला. "नको," तो म्हणाला. "देवाच्या घरात दुसऱ्याच्या गळ्याने गायचं म्हणजे... नको पोरी."

रविवारी चर्च गच्च भरलं. गावचे लोक मागे उभे, ओडवार आपल्या राजघराण्यासकट खिडकीपाशी. गुनवाल्ड चांदीच्या बटणांचा सणाचा पोशाख घालून पायरीवर चढला. पुढच्या बाकांवर निळ्या टोप्या मांडीवर घेऊन मंडळी त्याच्याकडे आशेने बघत होती.

"मंडळी," तो म्हणाला. "मी तुम्हाला चुकीच्या माणसाच्या नावाने बोलावलं. आपण तोरशेलचे नाही. तोरशेल नाव इथेच ठेवून हेल्लेला गेला. आपण त्याच्यानंतर आलेल्या ओस्मुनचे. तो साधा शेतकरी होता. चूक माझी आहे. मला एवढं गायचं होतं, की मध्ये काय आहे ते मी पाहिलंच नाही. टोप्यांचं... टोप्यांचं मला फार वाईट वाटतं."

बाहेर चरणाऱ्या मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजली.

क्लॅरिसआजी काठी टेकून उभ्या राहिल्या. "हा ओस्मुन," त्यांनी विचारलं, "हाही गात असे काय?"

गुनवाल्डला खोटं बोलणं शक्य होतं. बोलला नाही. "गात असे, आजी. फार मोठ्याने. आणि फार वाईट."

"परमेश्वराची स्तुती असो!" आजी इतक्या जोरात म्हणाल्या की खिडकीपाशी ओडवार दचकला. "आमुच्या मंदिरी पाळकाने मज सांगितले होते, बाई, आपण केवळ ओठ हलवावेत! मी आयुष्यभर रडले, की तोरशेलच्या पवित्र कुळी मीच एक करंटी कशी निपजले!"

मागच्या बाकावरून बर्गेनचा एक धिप्पाड दंतवैद्य उठला. "मला शाळेत गायला उभंच करत नसत. हातात घंटी द्यायचे. तीसुद्धा एकदाच वाजवायची."

"माझ्या बायकोने न्हाणीघराला जाड दार बसवून घेतलं!" उत्तरेकडचा एक जण ओरडला.

"बसवणारच!" त्याची बायको म्हणाली. "तू ऐकलायस का स्वतःला?"

मग काय विचारता! एकेक ऊरदाल उठू लागला, एकेक जखम उघडी करू लागला. कुणाला गायकवृंदात खुर्च्या लावायचं काम होतं, कुणाला स्वतःच्या लग्नात गायची मनाई. प्रत्येकाला वाटत होतं, थोर घराण्याला लागलेला डाग तो आपणच. हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

गुनवाल्डने हात वर केला. "पण पहिलं कडवं तोरशेलच्या वंशजाचं. तसं ठरलंय. आणि तोरशेलची वंशज तिथे दाराजवळ उभी आहे, लापशीकडे पळायच्या बेतात."

"गुनवाल्ड!" मॅग्नहिल्ड म्हणाली. "घरी चल तू, बघते तुला."

पण एडेलने ऑर्गनवरूनच हात जोडले, आणि क्लॅरिसआजींनी काठीने वाट करून दिली. मॅग्नहिल्ड पायरीपर्यंत आली. वर चढली नाही, खालीच उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्यासारखं तोंड वर केलं, डोळे मिटले, आणि गायली.

त्या आवाजाचं वर्णन काय करायचं? तो मोठा नव्हता, नटवा नव्हता. पहाटे विहिरीचं झाकण उघडावं आणि आत आभाळ दिसावं, तसा होता. एडेलचे हात मांडीवरच राहिले. ओडवार राजवंश विसरून नाक पुसू लागला. पायरीवर उभ्या गुनवाल्डला वाटलं, इतकी वर्षं आपण गात राहिलो आणि हे गुणगुणणं बटाट्यांच्या सालींबरोबर वाहून जाऊ दिलं. कडवं संपलं.

मग एडेल भानावर आली, तिने दुसऱ्या कडव्याचा सूर दिला, आणि ऊरदालांनी छात्या भरून घेतल्या.

गुनवाल्डने डोळे मिटले होते. पहिल्या ओळीला त्याच्या कानावर काहीतरी विलक्षण आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आजूबाजूचं जग त्याच्याच सुरात गात होतं. दुसऱ्या ओळीला तो घसरला, तसे बर्गेनचे घसरले, उत्तरेकडचे घसरले, मिनेसोटा घसरलं. सगळे एकाच उतारावरून, एकाच वेगाने, हातात हात घालून, कुणी पुढे नाही की मागे नाही. डोंगरापलीकडून ओस्मुनने जे आणलं होतं ते समुद्र ओलांडून गेलं होतं आणि केसाइतकंही बदललं नव्हतं. एडेलने पट्टी खाली उतरवली. ते आणखी खाली गेले. तिने पुन्हा उतरवली. शेवटी तिने ऐकलं, नीट, शिकलेलं सगळं बाजूला ठेवून ऐकलं, आणि तिच्या लक्षात आलं, की या भरल्या चर्चमध्ये वेगळा पडतोय तो एकटा ऑर्गन. तिने दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले आणि तीही गाऊ लागली. त्यांच्यातच.

खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. बाहेर मेंढ्या चरायच्या थांबल्या होत्या. देव पलीकडच्या डोंगरावर असता, तर त्यालाही स्वच्छ ऐकू गेलं असतं.

लापशीच्या रांगेत एडेल गुनवाल्डला गाठायला आली. तिचे केस विस्कटले होते आणि घसा बसला होता.

"गुनवाल्ड, पुढच्या रविवारी या. गायला. मॅग्नहिल्डलाही आणा."

"खरंच?"

"खरंच." तिने सभागृहभर पसरलेल्या निळ्या टोप्यांकडे एक नजर टाकली, आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "पण ऊरदालांपैकी तुम्ही एकटेच या."